अर्धं आभाय

फरीदाबादच्या त्या कारखान्यात सगळ्या लेथ एकदम चालू असल्या की हाताच्या अंतरावरच्या माणसाचंही ऐकू येत नसे. म्हणूनच ते तिथे मोठमोठ्याने कविता म्हणायचे. "घरी म्हनलो तं घरमालक दार वाजोते. इथं कितीबी बोंबला, कोनाचं काई जात नाई," असं ते सांगायचे. नवी ओळ सुचली की हातातला खडू घेऊन मशीनच्या अंगावर लिहायची, पाळी संपेपर्यंत तिच्याकडे बघत राहायचं, आणि निघताना तेलाच्या फडक्याने पुसून टाकायची. जी ओळ घरी पोचेपर्यंत डोक्यात टिकली ती खरी. टिकली नाही तर? "तं तिची लायकी नव्हती."

ते टर्नर होते, लेथवर लोखंड कातणारे. अकोल्याकडच्या एका खेड्यातून आलेले, पन्नाशीचे, काळेसावळे आणि ताठ. बायको गावी शेती बघायची, हे फरीदाबादेत एका खोलीत राहायचे. नखांतला काळा रंग साबणाने जात नसे आणि त्यांनी कधी मनावरही घेतलं नाही. पण मंडळाच्या कार्यक्रमाला यायचे ते पांढऱ्या, कडक इस्त्रीच्या फुलशर्टात. कविता ते सुतात मोजायचे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्यांच्या कामातलं माप. एखाद्याची कविता ऐकून मान हलवत म्हणायचे, "चांगली हाय, पन तिसरी ओय दोन सूत लांब झाली. घासा लागते."

आणि ते सगळ्यांशी वऱ्हाडीत बोलायचे. सगळ्यांशी म्हणजे बसच्या कंडक्टरशी, पोस्टातल्या बाईंशी, कारखान्याच्या टाय लावणाऱ्या मॅनेजरशीसुद्धा. हिंदी बोलायची वेळ आलीच तर तीही वऱ्हाडीच्या चालीवर. त्यांच्या शेजारच्या लेथवर रोहतकचे एक ताऊ होते. तेही हट्टाने हरियाणवीतच बोलायचे. हे दोघे वर्षानुवर्षं एकाच बाकावर बसून डबा खात, एक वऱ्हाडीत बोले, दुसरा हरियाणवीत उत्तर देई, आणि दोघांचं एकमेकांशी जितकं जमायचं तितकं मी एका भाषेच्या माणसांचंही जमलेलं पाहिलेलं नाही. एखादी ओळ आवडली की ताऊ मांडीवर थाप मारून म्हणायचे, "कसूती कही, कविजी!"

माझी त्यांच्याशी ओळख झाली ती माझ्या एका गुन्ह्यामुळे.

आम्ही तेव्हा लक्ष्मीबाई नगरात सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. बाबा मंत्रालयात अवर सचिव, मूळचे पुण्याचे. आई अकोल्याची. मी दिल्लीतच वाढलेली, एम.ए. करत होते, आणि आपली मराठी किती शुद्ध आहे याचा मला भारी अभिमान होता. दिल्लीतल्या बाकीच्या मराठी मुलांना 'ळ' म्हणता येत नसे. ती 'शाला' म्हणत, 'बाल' म्हणत. मला यायचा. बाबांनी लहानपणी रोज संध्याकाळी 'काळ्या बाळाचे टाळ' म्हणायला लावून तो घटवून घेतला होता.

बाबा आमच्या मराठी मंडळाचे चिटणीस आणि गणेशोत्सवाच्या स्मरणिकेचे संपादक होते. त्या वर्षी हाताखाली त्यांनी मला घेतलं. लेख आले, जाहिराती आल्या आणि फरीदाबादहून एका कागदावर एक कविता आली. कागदाच्या पाठीमागे कारखान्याचा छापील तक्ता होता, कुठला पार्ट, किती नग, असा.

"ही जरा शुद्ध करून घे," बाबा म्हणाले. "भाव चांगला आहे. पण स्मरणिका सगळीकडे जाते. लोक हसतील बिचाऱ्याला."

मी लाल पेन घेतलं आणि तासाभरात कविता शुद्ध केली. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो एवढं मला ऐकून माहीत होतं. मग काय, दिसला 'य' की कर 'ळ'. 'मले'चं 'मला' केलं, 'बोलजो'चं 'बोल' केलं. बाबांनी वर छापलं, 'एका कामगाराची रचना, योग्य संस्कारांसह.'

स्मरणिका वाटून झाल्यावरच्या रविवारी सकाळी दारावर टकटक झाली. मी उघडलं. समोर पांढरा शर्ट, हातात रुमालात बांधलेली शाईची दौत, खिशाला पेन.

"स्मरणिका इथंच बनते काय?"

"हो. बाबा बाजारात गेलेत. काय काम होतं?"

"कविता कोनं दुरुस्त केली?"

मी चांगली बावीस वर्षांची होते, पण शाळेत उभं केल्यासारखी उभी राहिले. "मी."

ते रागावतील म्हणून मी वाट बघत होते. ते आत येऊन खुर्चीवर बसले, स्मरणिका उघडली आणि म्हणाले, "बस. माही म्हनतो, मंग तुही म्हनतो. कान देऊन ऐक."

आणि त्यांनी म्हटली.

*सकाय झाली, उठली माय,*
*चुलीवर शिजे तुरीची डाय,*
*फाटक्या लुगड्यात बांधून घेते*
*वावरावरचं अर्धं आभाय.*

*मले म्हने, शिक रे बावा,*
*शायेत बोलजो शायेवानी,*
*घरी आला का माह्यासंगं*
*बोलजो आपल्या मायेवानी.*

*दुधावर नाई, लोखंडावर*
*पोटासाठी काढतो साय,*
*फरीदाबादच्या धुरामंदी*
*शोधत राह्यतो तेच आभाय.*

त्यांचा आवाज काही गोड नव्हता. लेथवर मात करायची सवय असलेला, खरखरीत. पण शेवटच्या 'आभाय'वर तो असा मोकळा झाला की मला खिडकीबाहेर बघावंसं वाटलं.

मग त्यांनी छापलेली वाचायला घेतली. "सकाळ झाली, उठली माय. चुलीवर शिजे तुरीची डाळ. वावरावरचं अर्धं आभाळ." थांबून माझ्याकडे बघितलं. "पाह्य वं पोरी. तुह्या दुरुस्तीत सकाळ बसली, डाळ बसली, आभाळ बसलं. सारे यमकात बसले. एकटी माही माय बाहीर राह्यली."

मी त्यांच्या बोटाखालची ओळ पुन्हा वाचली. तेवढ्यात ते पुढे वाचू लागले, "दुधावर नाही, लोखंडावर, पोटासाठी काढतो साळ," आणि एकदम फुटले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "साय वं! दुधाची साय! लेथवर लोखंड सोललं का अशी पातय साल निंगते, सायीवानी. अन् तुनं लोखंडावर भात पिकोला!"

साळ म्हणजे भात. एक 'माय' सोडून सापडेल त्या 'य'चा 'ळ' करण्याच्या नादात मी चांगली दुधाची सायही सोडली नव्हती. आधी मीही हसले, मग हसता हसता रडले, आणि मग म्हणाले, "काका, माझं चुकलं. पुढच्या अंकात शुद्धिपत्रक छापते."

"छापू नको. शुद्धिपत्रक कोनी वाचत नाई." त्यांनी दौत टेबलावर ठेवली. "साठेक स्मरणिका निंगाल्या ना? पत्ते असतीन तुह्यापाशी. मी घरोघर जाऊन हातानं लेहून देतो. दिल्लीचे रस्ते मले समजत नाई, फक्त रस्ता दाखोजो."

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. कधीपासून, कोण जाणे. आतून जळल्याचा वास आला तेव्हा ती वळली. पोहे तळाला लागले होते. तिने ते करपलेले पोहे त्यांच्यापुढे ठेवले आणि त्यांनी ते "लय झकास" म्हणत संपवले.

"तुमची प्रत आता नाई," निघताना ते मला म्हणाले. "ती शेवटी. गुन्हेगाराची पेशी शेवटीच असते."

बाजारातून आल्यावर बाबांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "लोकांच्या घरी जाऊन पुस्तकं खोडणार? तू अजिबात जायचं नाहीस." तेव्हा आई, जी बाबांच्या वाक्यावर सहसा दुसरं वाक्य टाकत नसे, भाजी निवडताना म्हणाली, "जाऊ द्या तिला. चूक तिची आहे."

त्यानंतरचे आठ-नऊ रविवार मी कधी विसरणार नाही. माझ्याकडे नवी बिनगिअरची स्कूटर होती. पुढे मी, ओढणी घट्ट बांधून, आणि मागे ते, मांडीवर दौत धरून, ताठ बसलेले. लोक वळून वळून बघत. सरोजिनी नगर, पटपडगंज, मयूर विहार, नोएडा. त्या वर्षांत दिल्ली चहूबाजूंनी उसवून बाहेर सांडत होती. यमुनेपलीकडे नुसती माती आणि मधोमध सहा मजली सोसायटी, आत पडदेही न लागलेले फ्लॅट. मराठी माणसं सरकारी क्वार्टर सोडून तिथे राहायला गेली होती आणि नव्या सोफ्याचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नसायचं. त्या सोफ्यावर हे बसायचे, स्मरणिका मागायचे, पेन काढायचे. 'एका कामगाराची'वर रेघ मारून 'एका टर्नरची' लिहायचे. "काम तं सारेच करतात. मी टर्नर हाव." मग 'योग्य संस्कारांसह' खोडायचं. मग एकेक 'ळ'. हे सगळं होईपर्यंत चहा यायचा, आणि चहा आला की कविता म्हणावीच लागायची.

पहिल्यांदा लोक बिचकले. एका साहेबांनी स्मरणिका देताना विचारलं, "अहो, पण शुद्ध केलं तर बिघडलं काय? 'ळ' हा मराठीचा प्राण आहे." त्यांची नात शेजारी बसली होती. हे तिला म्हणाले, "वाच बरं माय, ही ओय." मुलीने छापलेलं वाचलं, "वावरावरचं अर्धं आभाल." साहेब जरा गोरेमोरे झाले. हे हसले, पण तिला नाही. "साहेब, तुमच्या घरी 'ल' चालते, तं माह्या घरचा 'य' काऊन चालत नाई? अन् 'ळ' पाह्यजे तं माह्या कारखान्यात या. रोहतकचा ताऊ असा खनखनीत म्हनते का तुमी लाजान." साहेबांनी मग स्वतः उठून पेन आणून दिलं. दौतीतली शाई नेमकी तिथेच संपली होती.

गुडगावला तर गंमतच झाली. नवा उंच टॉवर, फाटकावर निळ्या कपड्यांतला गार्ड. त्याने यांची नखं बघितली आणि म्हणाला, "मिस्तरी लोग पीछे के गेट से।"

मला संताप आला. मी काही बोलणार तोच हे म्हणाले, "मिस्तरी तो मैं हाव, भाऊ. पन आज मशीन का काम नाई. आज कविता दुरुस्त करने आया."

गार्डने टोपी मागे सारली. "कविता खराब हो गई क्या?"

"हव ना. यमक टूट गया."

गार्ड बिहारमधल्या छपऱ्याचा होता. त्याने गंभीरपणे रजिस्टर उघडलं, नाव लिहून घेतलं आणि 'काम' या रकान्यात लिहिलं, 'मरम्मत'. मग म्हणाला, "पहले हमको सुनाइए।" फाटकावरच कविता झाली. त्याला अर्थ कळला नसणार, पण 'माय' कळलं. "माई," तो म्हणाला. "हमरे यहाँ भी माई बोलते हैं।" आणि त्याने आम्हाला पुढच्याच गेटने आत सोडलं.

छावणीत एका सुभेदारांचं घर होतं. साताऱ्याकडचे. सुभेदार ड्युटीवर होते, घरी त्यांची बायको. मंडळाच्या प्रत्येक हळदीकुंकवाला ती यायची आणि कधी एक शब्द बोलायची नाही. मला वाटायचं, गर्विष्ठ आहे. यांनी कविता म्हटली. ती पदर तोंडाशी धरून ऐकत होती. संपल्यावर हळूच म्हणाली, "म्हंजी असं बोल्लं तरी चालतंय व्हय मंडळात? मला वाटायचं, समदी हसतील, म्हून मी गप बसती."

"बोला बोला," हे म्हणाले. "हसले तं हसू द्या. हसल्यानं मानूस मरत नाई. न बोलल्यानं मरते."

परत येताना ते स्कूटरवर जरा पुढे वाकले. मग मला विचारलं, "तुही माय कुठली?"

"अकोल्याची."

"मंग ती काऊन अशी बोलते?"

"कशी?"

"पुस्तकावानी."

मी म्हटलं, ती असंच बोलते. पहिल्यापासून. आणि मला ते तेव्हा खरंच वाटत होतं.

शेवटच्या रविवारी ते आमच्या घरी आले. बाबा घरी होते. पेपरआड बसले होते, पण पेपरचं पान मुळीच उलटत नव्हतं. मी कपाटातून आमची प्रत आणून दिली. त्यांनी पान उघडलं, पेन झाकण काढून तयार ठेवलं, आणि थबकले.

पान आधीच दुरुस्त केलेलं होतं. निळ्या बॉलपेनने, बारीक, गोल अक्षरात. सगळे 'ळ' खोडून 'य'. 'मला' खोडून 'मले'. 'साळ' खोडून 'साय'. एकही सुटलेला नव्हता.

"हे कोनं केलं?"

आई ओले हात पदराला पुसत बाहेर आली. क्षणभर बाबांच्या पेपरकडे बघितलं. मग म्हणाली, "म्या केलं, भाऊ."

बावीस वर्षांत मी तिच्या तोंडून 'म्या' ऐकलं नव्हतं. मला वाटलं, दुसरंच कुणी बोललं.

"अन् राग नका येऊ देऊ," ती पुढे आली आणि पहिल्या कडव्यावर बोट ठेवलं, "पन तुमी सोताच एक चुकले. 'फाटक्या लुगड्यात' कोन म्हनते आपल्यात? 'फाटेल लुगड्यात' म्हनते."

ते पानाकडे बघत राहिले. त्यांच्या हस्ताक्षरातला मूळ कागद मी फाइलमधून काढून आणला. तिथेही 'फाटक्या'च होतं. म्हणजे तो शब्द मी बदललेला नव्हता. तो त्यांच्या हातूनच तसा उतरला होता, पहिल्यापासून.

"खरं हाय," ते शेवटी म्हणाले. "माही माय फाटेल म्हने. पंधरा वर्षं झाले दिल्लीत, मले वाटे मी कोनाचं ऐकलं नाई. अन् पाह्य, कवा तो शब्द धुवून नेला दिल्लीनं, पत्ताच नाई लागला." आणि ते उठून आईच्या पाया पडायला वाकले. ती "अहो, हे काय! नका, नका," म्हणत मागे सरली. मग दोघं बोलत बसली. कुठल्या गावची, कुणाची कोण, कापसाचं काय, तुरीचं काय. मी आणि बाबा पाहुण्यांसारखे ऐकत होतो. आई हातवारे करत होती. आई मोठ्याने हसत होती.

ते गेल्यावर बाबांनी पेपर बाजूला ठेवला. "तू कधी बोलली नाहीस," ते म्हणाले.

"लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तुमचे मित्र जेवायला आले होते," आई म्हणाली. "मी म्हटलं, मले थोडंच वाढा. तुम्ही हसून म्हणालात, मले नाही गं, मला. प्रेमानेच म्हणालात. मग मी शिकले."

बाबा वाईट नव्हते. त्यांनी तिला कधी दुखावलं नव्हतं, फक्त दुरुस्त केलं होतं, आणि हा फरक त्यांना त्या दुपारपर्यंत पुरेसा वाटत आला होता. ते उठले आणि सगळ्यांसाठी चहा करायला गेले. चहा त्यांना नीट येत नसे. पण तो आम्ही प्यालो.

दिवाळीनंतरच्या स्नेहसंमेलनात कविसंमेलन होतं. पहाडगंजच्या मराठी शाळेचा हॉल, दुपारची वेळ. कार्यक्रमपत्रिकेत कवींच्या यादीत त्यांचं नाव बाबांनी स्वतः घातलं, तेही मध्यावर. ताऊ मागच्या रांगेत पगडी घालून बसले होते. एरवी निम्मी रिकामी राहणारी सभा त्या दिवशी भरली होती, आणि बऱ्याच जणांच्या हातात त्या वर्षीची स्मरणिका होती. नोएडावाले, मयूर विहारवाले एकमेकांना आपापली खाडाखोड दाखवत होते.

ते माइकपाशी गेले. कविता म्हटलीच नाही.

"पेन काढा," ते म्हणाले.

लोक हसले. ते हसले नाहीत. "काढा, काढा. पयल्या कडव्यात 'फाटक्या' हाय, ते खोडा. 'फाटेल' लेहा. ही चूक छापनाराची नाई, पोरीची नाई. माही हाय. इतके दिवस साऱ्यायले शिकोत फिरलो, अन् माहाच शब्द चुकेल होता. ज्या बाईनं दाखोला ते तिथं बसली हाय. कविता आज तेच म्हनीन."

आईने मान खाली घातली. मी तिचा हात धरला. शेजारी बाबा बसले होते. त्यांनी कोटाच्या खिशातून पेन काढलं, मांडीवर स्मरणिका उघडली, 'फाटक्या'वर एक रेघ मारली आणि आपल्या सुबक सरकारी अक्षरात 'फाटेल' लिहिलं. मग आईकडे न बघताच म्हणाले, "जा. सगळे थांबलेत."

ती गेली. पहिल्या ओळीला आवाज निघेना. दुसऱ्या ओळीला निघाला. 'आभाय'पर्यंत पोचली तेव्हा सुभेदारांच्या बायकोने जोरात टाळी वाजवली, एकटीनेच, अगदी चुकीच्या जागी, आणि मग सगळा हॉल वाजायला लागला. मागून, बहिणीला हाक मारावी तसा, ताऊंचा आवाज आला, "कसूती कही, बेब्बे!" कविता संपल्यावर सुभेदारांची बायको स्वतःहून उठली आणि म्हणाली, "मलाबी येतंय यक." पत्रिका बाजूलाच राहिली. त्या दुपारी खानदेशातल्या एका मास्तरांनी अहिराणीत म्हटलं, मालवणच्या एका क्लार्कने मालवणीत गाऱ्हाणं घातलं, आणि यूपीएससीच्या अभ्यासासाठी आलेली परभणी-बीडची चार पोरं तर खुर्च्यांवर उभी राहिली. शाळेच्या शिपायाने तीनदा येऊन घड्याळ दाखवलं. ते स्वतः मात्र एका कडेला उभे राहून प्रत्येक ओळीला दोन बोटांनी हवेत माप घेत होते.

त्यानंतर तीनेक वर्षांनी कारखान्यात संगणकावर चालणारी मशीन आली आणि जुन्या टर्नरांना स्वेच्छानिवृत्ती दिली. सगळे कष्टी होते. हे नव्या मशीनसमोर जाऊन उभे राहिले आणि तिच्याजवळच्या तरुण इंजिनिअरला म्हणाले, "काम चांगलं करते. पन लय चुपचाप हाय. हिच्यापाशी कविता कशी म्हनाव?" आणि गावी जायची तयारी सुरू केली. बायकोला कळवलं, येऊन रायलो. तिचं उत्तर आलं, तुरी सोंगायच्या आधी या, म्हणजे उपयोग होईल. ते पत्र त्यांनी मला दाखवलं. "पाह्य. एक सूत जास्त नाई."

नवी दिल्ली स्टेशनवर त्यांना सोडायला आम्ही तिघंही गेलो. ताऊ आधीच येऊन जागा धरून बसले होते. सामान एक ट्रंक आणि एक पिशवी. आईने दशम्या आणि ठेचा दिला आणि गाडी सुटेपर्यंत दोघांचं बोलणं थांबलं नाही. पलीकडचे प्रवासी कुतूहलाने बघत होते. बाबा थोडे बाजूला, हात मागे बांधून, कधी घड्याळाकडे तर कधी सिग्नलकडे बघत उभे होते.

गाडी हलली. ते दारात उभे राहून हात हलवू लागले. आणि एकदम बाबा दोन पावलं पुढे धावले. अवर सचिव, साठीला आलेले, प्लॅटफॉर्मवर कधी न धावलेले.

"पोचले का पत्र टाकजा!" ते ओरडले. "वाट पाहून रायलो, बरं का!"

त्यांनी ते कधी शिकून घेतलं, कुणापाशी घोकलं, मला माहीत नाही. आईलाही माहीत नसावं, कारण तिचा हात हलवता हलवता हवेत तसाच राहिला. दारातल्या माणसाने क्षणभर बाबांकडे रोखून बघितलं. मग दोन्ही हात सोडून, ताऊ फलाटावरून ओरडत असताना, तो डोकं मागे टाकून असा हसला की गाडी फलाटाबाहेर गेली तरी ते हसू ऐकू येत राहिलं.

आई आणि बाबा परतीच्या रिक्षात मागे बसले. मी पुढे ड्रायव्हरशेजारी. रिक्षा कॅनॉट प्लेसपाशी सिग्नलला थांबली.

"नुसतं 'पाहून रायलो' नाई हो," आई म्हणाली. "वाट काई तुमी एकटेच नाई पाहून रायले. आपून. पाहून रायलो आपून."

"पाहून रायलो आपून," बाबा म्हणाले.